तिने पाण्यात द्यायला सांगितलं होतं

आमच्या घरात एक गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. नवी सून घरात आली की जुन्या बायका तिला ती हसत हसत ऐकवतात. या घरातल्या आजीने लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासऱ्याला इसबगोलाची कोरडी फक्की मारायला लावली, म्हातारा मरता मरता वाचला, तेव्हा बाई, तू औषधाच्या वाटेला जाऊ नकोस. सगळे हसतात. गेल्या उन्हाळ्यात नातवाच्या लग्नात ती पुन्हा सांगितली गेली आणि मी पंगतीत मान खाली घालून ती ऐकली. माझी बायको आता नाही. ती असतानाही तिच्यासमोर ही गोष्ट सांगत आणि ती वाढण्याचं काम न थांबवता पुढच्या पानाकडे जात असे.

ही गोष्ट खोटी आहे. कोरडी फक्की मारायला तिने सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं, आणि तिचं नाव घेऊन सांगितलं. या एका गोष्टीने तिची त्या घरातली पत गेली आणि ती परत मिळवून देणं माझ्या एका वाक्यावर होतं. ते वाक्य मी आयुष्यभर बोललो नाही. आता लिहितो आहे.

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या अलीकडचं. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चालायचा. आमच्या घराचा कारभार मात्र अक्काच्या हाती होता. अक्का माझी मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचं कुंकू पुसलं गेलं आणि ती माहेरी परत आली. आमची आई मी चालायला लागण्याआधीच गेली होती, त्यामुळे मला वाढवलं ते अक्कानेच. तिचा हात मायेचा होता आणि जीभ विळीसारखी. वडिलांना आम्ही बाबा म्हणत असू. उंचेपुरे, कमी बोलणारे, घरात आले की सगळ्यांचे आवाज खाली जायचे.

माझं लग्न होऊन पहिलाच उन्हाळा होता. कडब्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, रिकामी करताना बाबांचा पाय घसरला आणि ते वरून खाली आले. मांडीचं हाड मोडलं. हाड बसवणाऱ्याने कामट्या बांधल्या आणि हलायचं नाही म्हणून सांगितलं. ओसरीवर भिंतीला लागून बाज टाकली आणि बाबा तिच्यावर पडून राहिले.

ज्या माणसाने जन्मभर दिवस उगवायच्या आत लोटा घेऊन नाल्याकाठी जायचं, त्याला आता आडोशाला घोंगडी बांधून, पोराच्या खांद्यावर भार टाकून भांड्यावर बसावं लागे. मी त्यांना धरायचो. ते माझ्याकडे बघत नसत, मी त्यांच्याकडे बघत नसे. थोड्याच दिवसांत त्यांनी यावर आपला उपाय काढला. पाणी पिणंच सोडलं. प्यायलं की उठावं लागतं, उठायचं तर पोराला हाक मारावी लागते. उन्हाळ्याच्या झळा, ज्वारीची भाकरी आणि बेसन, हलणं नाही आणि पाणी नाही. व्हायचं तेच झालं. कोठा बांधला. बसवावं तर काही होईना, घाम फुटायचा, आणि मी घोंगडीकडे तोंड करून उभा.

अक्काने एरंडेल दिलं. त्याने असं काही झालं, की बाबांना उठवायला मला उशीर झाला आणि बाजेवरची वाकळ धुवायला टाकावी लागली. त्यानंतर बाबा म्हणाले, "हे तेल पुन्हा घरात दिसलं तर तुम्हालेच पाजीन." आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या काळी सून सासऱ्याशी बोलत नसे. समोरून जायचं झालं तर पदर पुढे ओढून, भिंतीच्या कडेने. नवरा-बायकोही दिवसाउजेडी वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी बोलत नसत. आम्हाला बोलायला जागा एकच होती, गोठा. सकाळी ती शेण काढायला यायची आणि मी बैलांना पाणी दाखवायला. तिथे एके दिवशी ती टोपलं खाली ठेवून म्हणाली,

"मामाजीचं पोट साफ होत नाई ना?"

"तुले कोनं सांगतलं?"

"कोनं सांगाले कायले पायजे. त्याईची बाज भितीच्या तिकडून, माही चूल भितीच्या इकडून. मले आयकू येते सारं."

तिचं माहेर धाडचं. तिच्या वडिलांना मूळव्याधीचा जुना त्रास. त्यांना इसबगोलाची भुशी रोज तीच कालवून द्यायची. तिथल्या बाजारात अत्ताराच्या दुकानात मिळायची, आणि तिच्या पेटीत एक पुडकं होतं, येताना आईने दिलेलं.

"एरंडेलासारखं नाई ते," ती म्हणाली. "एकदम झोडपत नाई. पानी धरून ठेवते अन् मळ नरम करते. पन पानी पायजे त्याले. पानी नसंल तर उलटं होते."

"कसं द्याचं?"

तिने शेणाचे हात तसेच पुढे धरून मला दाखवलं. आजही ते हात दिसतात. "पेला भरून पानी घ्या. मंग चमचाभर भुशी टाका, जास्ती नाई. फिरवली का लगेच पाजा. ठेवसान तर फुगते, खळीवानी होते, मंग गिळवत नाई. अन् त्याच्यावर आखीन एक पेला सादं पानी. कोरडी तोंडात टाकू देऊ नका. निजल्या निजल्या देऊ नका, उठवून बसवा. निजाच्या वक्ती नाई. अन् दिवसभर पानी वाढवा त्याईचं, थोडं थोडं."

"अन् उद्या सकाळी?"

"उद्या काई होनार नाई. दोन-तीन दिस लागतात. पयल्यानं पोट जरा फुगल्यावानी वाटंन. घाई करून आखीन चमचा टाकू नका. अन् पोटात लय कळ आली, वकारी आली, तर बंद करा, दवाखान्यात न्या."

यापेक्षा स्पष्ट कोणी सांगू शकलं असतं असं मला वाटत नाही. मी सगळं नीट ऐकलं होतं, आणि सगळं माझ्या लक्षातही होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी काय म्हणालो ते येणार आहे.

गोठ्यातून बाहेर आलो तर अक्का अंगणात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सकाळी सकाळी गोठ्यात शाळा भरते वाट्टे. काय शिकवलं आज मास्तरनीनं?"

"काही नाही अक्का."

"शिक बाबा. माह्या जवळ शिकला ते अर्धवटच राह्यलं असंल."

हे असं रोजचं होतं. मी बायकोचं ऐकतो, तिच्या ताटाखालचं मांजर झालो, हे ती येता-जाता मला सुनवायची. शेजारचे चुलतभाऊ तेच म्हणायचे. मला ते लागायचं. इतकं लागायचं, की कोणासमोर 'ती असं म्हणाली' हे शब्द माझ्या तोंडून निघत नसत.

पहिल्या दिवशी मी तिने सांगितल्यासारखंच केलं. पेलाभर पाण्यात भुशी टाकली, फिरवली. तेवढ्यात अक्काने विचारलं, हातात काय आहे. ते औषध आहे, पोटासाठी आहे, कोणाकडून आणलं, हे सांगण्यात नि न सांगण्यात वेळ गेला, आणि पुडी सुनेच्या पेटीतली हे बाहेर आलंच. बाबांना उठवून बसवलं आणि पेला पुढे केला, तोवर ते घट्ट झालं होतं. बाबांनी पेला तिरपा केला. आतलं हळूच, एका लगद्यासारखं सरकलं.

"हे काय आहे बे?"

"औषध आहे बाबा."

"शेंबूड पाजतं का मले?"

अक्का दारात उभी होती, ती खुदकन हसली. बाबांनी पेला अंगणात ओतून दिला. कोंबड्याही आल्या आणि बघून गेल्या, असं अक्का नंतर कितीतरी दिवस सांगायची.

मी हे गोठ्यात सांगितलं तेव्हा माझी बायको हसली नाही. "तुमी उशीर केला," एवढंच म्हणाली. "बाजेजवळ पानी न्या. तठीच टाका अन् तठीच पाजा. आज परत द्या." मग टोपलं उचलताना, "पानी पेत नसंल तर मात्र नको. पयले पानी, मंग भुशी."

त्या दिवशी मी पुडी घेऊन ओसरीवर गेलो. दुपार कलली होती. अक्का उंबऱ्यात बसून वाती वळत होती. बाबा उशीला टेकून अर्धवट पडले होते. त्यांनी स्वतःच विषय काढला. मागचे कितीतरी दिवस पोट दगडासारखं झालं होतं, आणि तो अभिमानी माणूस आता कशालाही तयार होता.

"ते कालचं," ते म्हणाले, "त्याची पूड आहे का?"

"हो बाबा. भुशी आहे."

"मंग पान्यात कायले कालवतं? हिरड्याची फक्की मारतो तशी मारतो. दे."

आमच्याकडे सगळीच चूर्णं अशीच घेत. तळहातावर पूड घ्यायची, मान मागे टाकायची, फक्की मारायची आणि घोटभर पाण्याने उतरवायची. हिरडा, सोनामुखी, सुंठ, सगळं. पूड म्हटली की फक्की, हे बाबांच्या हाताला इतकं सवयीचं होतं, की त्यांनी तळहात पुढे केलाही होता. मी पुडी दिली नाही. एवढं मला नक्की आठवतं, मी हात मागे घेतला होता. मी म्हणणारच होतो, बाबा, कोरडी नाही घ्यायची.

तेव्हा बाबांनी विचारलं, "सून कसं घे म्हनते?"

अक्काचे हात थांबले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि ओठांच्या कोपऱ्यात ते हसू तयार होतं. मी जर आता 'ती म्हणते पेलाभर पाण्यात, लगेच, बसून, वरून आणखी पाणी' असं सगळं म्हणून दाखवलं असतं, तर पुढचा महिनाभर मला तेच ऐकावं लागलं असतं, पाठ केलेला धडा म्हणून. एवढ्यासाठी. दुसरं काही कारण नव्हतं. कितीतरी वर्षं मी दुसरं कारण शोधलं.

"फक्कीच म्हनते," मी म्हणालो.

बाबांनी तळहात भरून भुशी घेतली. ती हलकी असते, हातात काहीच नसल्यासारखी वाटते, म्हणून त्यांनी आणखी थोडी ओतून घेतली. मान मागे टाकली. लोट्यातलं घोटभर पाणी प्यायले, लोटा बाजूला ठेवला आणि पुन्हा उशीवर पडले. त्यांना जास्त पाणी प्या म्हणायची सोय नव्हती, आणि मी म्हटलंही नाही.

थोडा वेळ काही झालं नाही. मग त्यांनी खाकरून घसा साफ करायचा प्रयत्न केला. मग पुन्हा. हात छातीवर गेला. मी पाणी दिलं तर ते नाकातोंडातून परत आलं. नंतर थुंकीही गिळता येईना, ती ओठांच्या कडेने गळू लागली. ते बोलू शकत होते, पण बोलण्याऐवजी माझ्याकडे बघत होते. अक्काने पाठीवर थापा मारल्या, तूप पाजायला धावली, तेही बाहेर आलं. आत चुलीजवळ काहीतरी भांडं पडलं. माझी बायको दाराच्या चौकटीपर्यंत आली होती. तिने लोटा पाहिला, माझ्या हातातली रिकामी पुडी पाहिली, आणि पदर पुढे घ्यायलाही विसरली.

बंडीत गादी टाकून आम्ही त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मोडलेल्या पायाने, बैलगाडीच्या त्या धक्क्यांत, ते एकदाही कण्हले नाहीत. डॉक्टरांनी आत नेलं आणि मला बाहेर थांबवलं. त्यांनी घशात काय घातलं, कसं काढलं, हे मी पाहिलं नाही. ऐकलं मात्र. नंतर कंपाउंडर एका पांढऱ्या भांड्यात एक गोळा घेऊन बाहेर आला. करडा, बुळबुळीत, अंड्याएवढा. डॉक्टर हात पुसत त्याच्यामागून आले.

"कोरडं दिलं हे कोणी?"

"सुनेनं," अक्का म्हणाली.

मी तिच्या शेजारी उभा होतो.

डॉक्टर चिडले नाहीत. समजावून सांगितलं. हे औषध वाईट नाही, बद्धकोष्ठाला चांगलं, पण ते पाणी ओढून फुगतं. पोटात फुगलं तर औषध, घशात फुगलं तर बूच. ज्याला गिळायला त्रास आहे, जो पडून आहे, जो पाणी पीत नाही, त्याला द्यायच्या आधी दहादा विचार करायचा. पाणी नसेल तर आतड्यातही तेच व्हायचं. त्यांचा प्रत्येक शब्द मी गोठ्यात आधी ऐकलेला होता.

बाबा वाचले. घसा आतून सोलला होता. कितीतरी दिवस पेज आणि ताक, भाकरी कुस्करून, आणि आवाज जो बसला तो बसलाच.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. आणि ती पोचता पोचता वाढली होती. सुनेने काहीतरी खाऊ घातलं. माहेराहून पुडी आणली होती म्हणे. म्हातारा पडून आहे, घर आपल्या हाती यावं म्हणून. अक्का असं स्पष्ट म्हणाली नाही, पण कोणी म्हटलं तर तिने खोडलंही नाही. तिच्या डोळ्यांसमोर तिचा बाप मरता मरता वाचला होता. तिला खरंच वाटत होतं, की हे सुनेने केलं. का वाटू नये? बाबांनी विचारलं होतं, आणि मी तिच्यासमोर उत्तर दिलं होतं.

घरात माझी बायको कोणाला काही बोलली नाही. गोठ्यात पहिल्या सकाळी तिने मला फक्त विचारलं, "मी कसं सांगतलं होतं?"

"पान्यात."

"मंग?"

मी बैलाच्या गळ्यातली दोरी सोडत राहिलो.

"तुमी सांगसान ना त्याईले?"

"सांगतो," मी म्हणालो. "बाबाले जरा बरं वाटू दे."

बाबांना बरं वाटायच्या आधी तिचे वडील आले. धाडपर्यंत बोलणं गेलं होतं. ते साधे शेतकरी, अंगात कोपरी, खांद्यावर उपरणं. ओसरीवर बसले. पाणी दिलं ते त्यांनी घेतलं नाही. बाबा बाजेवर, अक्का उंबऱ्यात, आणखी दोन-चार भाऊबंद. माझी बायको आत, दाराआड. तिच्या साडीचा काठ मला दिसत होता.

"पोरीचं चुकलं असंल तर मी पाया पडतो," तिचे वडील म्हणाले. "पन हे औषध ती मले चार वर्सं देत होती. एक दिस कोरडं दिलं नाई. पानी कमी पेलं तर माह्यावर डाफरे. म्हनून इचारतो." मग ते माझ्याकडे वळले. "जावईबापू, तिनं तुमाले कसं सांगतलं होतं?"

अगदी सरळ प्रश्न होता. ते माझ्यावर आरोप करत नव्हते. मला वाटतं, त्यांना उत्तर माहीत होतं, आणि ते मला बाहेर यायला दार उघडून देत होते. 'तिनं पाण्यात सांगितलं होतं, मी चुकलो.' एवढं म्हणायचं होतं. बाबा रागावले असते, चुलतभाऊ हसले असते, अक्काने वर्षभर टोमणे मारले असते. बस. माणूस याने मरत नाही.

मी म्हणालो, "मले याद नाई."

तिचे वडील उपरणं झटकून उठले. "चाल माय," त्यांनी दाराकडे बघून म्हटलं. ती पेटी घेऊन बाहेर आली. बाबांना लांबून नमस्कार केला, अक्काच्या पायाला हात लावला. माझ्यासमोरून गेली तेव्हा पदर पुढे होता आणि तो बाजूला झाला नाही.

पावसाळा गेला, कापूस फुटला, तरी ती आली नाही. आम्ही बोलावलं नाही. घरात दुसऱ्या मुलीचं नाव निघू लागलं तेव्हा बाबाच म्हणाले, बसलेल्या आवाजात, "घेऊन ये तिले. चुकते मानूस." त्यांनी तिला माफ केलं होतं. जे तिने केलंच नव्हतं त्याबद्दल.

मी आणायला गेलो. परतीच्या वाटेवर बैलांचा कासरा धरून मी कितीदा तरी घसा साफ केला. शेवटी म्हणालो, "घरी गेलो का बाबाले सारं सांगतो."

ती मागे बसली होती. तिने पेटी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "माह्या बाबानं इचारलं तवा सांगतलं असतं तर ते माह्यासाठी झालं असतं. आता सांगसान ते तुमच्यासाठी. नका सांगू."

मी ते ऐकलं. म्हणजे तिचं ऐकण्याची मला कधी नव्हे ती सोय वाटली, आणि मी ऐकलं.

अक्काने तिला घरात घेतलं, पण एक गोष्ट ठरवून टाकली. बाबांचं पान ती वाढणार नाही, त्यांना पाण्याचा लोटाही ती देणार नाही. भाकरी तीच भाजायची, चुलीपासून ओसरीपर्यंत अक्का न्यायची. हे बाबा होते तोवर चाललं. बाबांचा शेवट आला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकेक करून त्यांच्या तोंडात तुळशीचं पाणी घातलं. चुलत सुनांनी घातलं, पोरांनी घातलं. पळी अक्काच्या हातात होती. माझी बायको ओळीत उभी होती, डोक्यावर पदर, तिची पाळी आली. अक्काने पळी तिच्यावरून पुढच्या बाईला दिली. मी बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. 'तिला देऊ दे,' एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. अक्काला दोष देऊन मी सुटू शकत नाही. ती खोट्या गोष्टीवर विश्वास ठेवून खरी वागत होती. खोटी गोष्ट माझी होती.

अक्का गेली, वऱ्हाडाचा कारभार नागपूरकडून मुंबईकडे गेला, मुलं शिकून शहरात गेली, आणि ती गोष्ट, धार बोथट होऊन, विनोद झाली. विनोद झाल्यावर तर ती दुरुस्त करण्याचं मला काहीच कारण उरलं नाही. कोण रागावतंय आता, असं मी स्वतःला म्हणायचो.

उतारवयात मलाही तोच त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी इसबगोल लिहून दिलं. ती पेला भरून पाणी माझ्यासमोर ठेवायची, दुसरा पेला त्याच्याशेजारी, आणि डबा. कालवून मात्र कधी दिलं नाही. "तुमच्या हातानं घ्या," म्हणायची आणि मी पिऊन दोन्ही पेले रिकामे करेपर्यंत दारात उभी राहायची. मी ते माझी शिक्षा समजून घेत होतो. तेवढी शिक्षा मला बरी वाटायची. माझ्यापुरती होती, संपूर्ण माझी होती.

नातवाच्या लग्नाहून परत आल्यावर मी मुलीला जवळ बसवलं आणि हे सगळं सांगितलं. मुलगी आता स्वतः आजी आहे. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, ती माझ्यावर चिडेल. किंवा, खरं सांगायचं तर, वाटलं की म्हणेल, जाऊ द्या बाबा, किती जुनं झालं.

ती म्हणाली, "म्हणून ती आम्हाला औषध देत नव्हती."

"कोणाला?"

"आम्हाला. आम्हा सगळ्या भावंडांना. तुम्हाला माहीत नाही?" ती माझ्याकडे बघत होती. "ताप आला की गोळी शेजारच्या काकूंना बोलावून त्यांच्या हातून द्यायची. काढा स्वतः करायची आणि वाटी खाली ठेवून मागे सरायची. मला गोवर आला होता, मी इतकी रडले, आई तूच दे, आई तूच दे. नाही दिलं तिने. मला वाटायचं, तिला माझी किळस येते. मी एकदा तिला तसं म्हणालेसुद्धा."

"काय म्हणाली ती?"

"काही नाही. काकूंना हाक मारायला गेली."

मला हे माहीत नव्हतं. एका घरात राहून मी हे कधी पाहिलं नव्हतं. मुलांच्या आजारपणात मी शेतावर असायचो, किंवा घरात असून नसायचो. पण मुलीने सांगितल्यावर एक आठवलं आणि ते मी तिला सांगितलं. गोवराच्या दिवसांत मी घरी आलो की तिची आई मला अंगणाच्या फाटकाशी उभी दिसायची, शेजारच्या घराकडे तोंड करून. मी विचारलं होतं, पोर आत तापली आहे आणि तू इथे काय करतेस. ती म्हणाली होती, त्यांच्या घरची कडी वाजायची वाट बघते आहे. औषधाची वेळ होत आली.

मुलीने तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "तुम्ही हे ती असताना सांगायचं होतं. तिला नाही. मला."

मी हो म्हणालो.